कारखान्याचं पंचांग आणि मॅनेजरची जागा

नोकरीच्या संकेतस्थळावर 'इंजिनिअरिंग मॅनेजर' आणि 'सांगली' असं टाकलं की समोर यादी येते ती चाकण, रांजणगाव आणि हिंजवडीची. ती बघून आपल्या भागात या दर्जाच्या जागाच नाहीत असं वाटायला लागतं. जागा असतात, फक्त त्या या नावानं निघत नाहीत. साखर कारखान्यात तिला 'चीफ इंजिनिअर', 'डेप्युटी चीफ', 'को-जन मॅनेजर' (को-जन म्हणजे उसाच्या चोथ्यावर चालणारा वीजप्रकल्प) किंवा 'डिस्टिलरी मॅनेजर' म्हणतात. कुपवाडच्या फाउंड्रीत तीच जागा 'वर्क्स मॅनेजर'ची असते, शिरवळच्या मोठ्या प्लांटमध्ये 'मेंटेनन्स हेड' किंवा 'युटिलिटी मॅनेजर'ची, आणि उपसा सिंचन योजना चालवणाऱ्या ठेकेदाराकडे नुसती 'साइट इनचार्ज'ची. शोधायची ती ही नावं. पुण्यातून साताऱ्या-सांगलीकडे परत यायचं ठरवल्यावर माझे पहिले दोन महिने चुकीच्या नावावर शोधण्यातच गेले. पुढचं सगळं त्यानंतर केलेल्या अर्जांतून, मुलाखतींतून आणि पुढे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसल्यावर कळलेलं आहे.

भूगोल आधी नीट बघून घ्यावा. पुण्याहून खाली येताना नीरा ओलांडली की शिरवळ लागतं. तिथं गोदरेजचा घरगुती उपकरणांचा कारखाना आहे, सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या बाजूला एशियन पेंट्स आहे, फलटणजवळ कमिन्सचं मोठं संकुल आहे. या कंपन्यांत मॅनेजरची निवड बहुधा पुण्या-मुंबईच्या ऑफिसातून होते, आणि पुष्कळदा त्यांच्याच दुसऱ्या प्लांटमधला माणूस बदलीवर येतो. तिथं बाहेरून थेट मॅनेजर म्हणून शिरणं अवघड. असिस्टंट मॅनेजर पातळीवर, विशेषतः मेंटेनन्स आणि युटिलिटीत, दार जास्त उघडं असतं. साताऱ्यात १९२२ पासूनचा कूपर उद्योग आहे, अल्फा लावलचा कारखाना आहे. कऱ्हाडजवळ तासवडे एमआयडीसी. सांगली जिल्ह्यात १९१० साली माळावर वसलेली किर्लोस्करवाडी आणि तिच्या शेजारचं पलूस, मग कुपवाड-मिरजेच्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप, विट्याचे यंत्रमाग, भिलवडीची चितळे डेअरी, तासगाव-सांगलीकडची बेदाण्याची कोल्ड स्टोरेज. आणि नद्यांच्या खोऱ्यांतून पसरलेले साखर कारखाने: शेंद्रे, यशवंतनगर, रेठरे, साखराळे, वाळवा, कुंडल, वांगी, चिखली.

मॅनेजर दर्जाच्या, अधिकार असलेल्या जागा या भागात साखरेतच सर्वांत जास्त सापडतात. पण त्यांचं गणित समजून घ्यायला हवं. दर कारखान्याला चीफ इंजिनिअर एकच. त्याच्याखाली एक-दोन डेप्युटी आणि त्याखाली असिस्टंट व शिफ्ट इंजिनिअर. म्हणजे एक चीफ हलला की साखळी हलते: शेजारच्या कारखान्याचा डेप्युटी तिथं चीफ होतो, त्याच्या जागी तिसऱ्या कारखान्याचा असिस्टंट येतो. मोकळी जागा नेहमी या साखळीच्या शेपटाला दिसते. जाहिरात असिस्टंट इंजिनिअरची दिसली तर समजावं की वर कुठंतरी हालचाल झाली आहे, आणि ती कुठं झाली हे दोन फोनमध्ये कळतं.

आता मुख्य गोष्ट, जी पुण्यात काम केलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. इथं भरती पंचांगानं चालते. दसऱ्याच्या सुमाराला बॉयलर अग्निप्रदीपन होतं, मग मंत्री समितीनं ठरवलेल्या तारखेनंतर मोळी टाकून गाळप सुरू होतं. तिथून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत (साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिल), कुणीही शहाणा चीफ इंजिनिअर जागा सोडत नाही आणि कुठलाही कारखाना चालू हंगामात माणूस बदलत नाही. नोव्हेंबरात पाठवलेला अर्ज फाईलला लागतो आणि तिथंच राहतो. अर्जाचा काळ फेब्रुवारी ते एप्रिल. पट्टा पडला की हंगामाचा हिशेब मांडला जातो, किती तास कारखाना बंद राहिला यावर चर्चा होते, काही जण स्वतः निघतात, काहींना निघायला सांगतात. एप्रिल-मे मध्ये ओव्हरऑइलिंग (ओव्हरहॉलिंग), म्हणजे सगळी यंत्रं खोलून दुरुस्ती, सुरू होतं. नवा माणूस जूनपर्यंत यावाच लागतो, कारण रोलरची ऑर्डर, शेलिंग (रोलरवर नवं कवच बसवणं), बेअरिंगचे ब्रास, केन कॅरिअरची चेन या सगळ्याला आठवडे नाही तर महिने लागतात. ऑगस्टमध्ये रुजू झालेल्या चीफला दुसऱ्यानं ठरवलेल्या दुरुस्तीवर हंगाम काढावा लागतो, आणि मिल थांबली की जाब मात्र त्यालाच द्यावा लागतो. ऑगस्टमधली ऑफर मी कुणालाच घ्यायला सांगत नाही.

फाउंड्री आणि ऑटोच्या पुरवठादारांचं पंचांग निराळं. तिथं माणसं दोनदा हलतात: दिवाळीचा बोनस हातात पडल्यावर, आणि एप्रिलच्या पगारवाढीनंतर. तिसरी वेळ ठरलेली नसते. मोठ्या ग्राहकाचं ऑडिट बिघडलं, तक्रारी वाढल्या की मालकाला आठ दिवसांत माणूस लागतो. अशी जागा छापून येत नाही. ती साताऱ्यात 'मास'च्या (मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन ऑफ सातारा) आणि कुपवाडला कृष्णा व्हॅली चेंबरच्या वर्तुळात, कॅलिब्रेशनवाल्याकडून, टूलिंगच्या विक्रेत्याकडून, बेअरिंगच्या डीलरकडून कळते. बेअरिंगचा डीलर हा या भागातला सर्वांत जाणता माणूस आहे असं मी मनापासून म्हणेन. कुठल्या कारखान्यात कुठला माणूस टिकला, कोण उधारी थकवतो, कुठं स्पेअर रोखीनं घेतात, हे त्याला नेमकं माहीत असतं.

साखरेच्या जाहिराती अजूनही 'सकाळ', 'पुढारी' या दैनिकांत 'पाहिजेत' म्हणून येतात. मजकूर ठरलेला: पद, संख्या, पात्रता, 'समकक्ष पदाचा किमान ५ वर्षांचा अनुभव', वेतन 'पात्रता व अनुभवानुसार', अर्ज 'मा. कार्यकारी संचालक' यांच्या नावे १० दिवसांत. पण जाहिरात येते तोवर दोन-तीन नावं चर्चेत असतात. आपलं नाव त्यांत आधी पडावं म्हणून पुण्यात होणाऱ्या 'डीएसटीए'च्या (डेक्कन शुगर टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशन) वार्षिक अधिवेशनाला जावं, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या प्रशिक्षणाला जावं. कॉलेजची ओळखही इथं फार चालते. वालचंद, कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी, साखराळ्याचं राजारामबापू, मुलाखतीत बसलेला साहेब निम्म्या वेळा पहिल्यांदा विचारतो, "कुठली बॅच?"

कागदांबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथंच शहरातून येणारे मागे पडतात. एमबीए किंवा प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं प्रमाणपत्र इथं कुणी विचारत नाही. विचारतात ते कायद्यानं लागणारे आणि धंद्याचे कागद. एक हजार चौरस मीटरहून जास्त हीटिंग सरफेसचा बॉयलर चालवायचा तर बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरचं (बीओई) प्रवीणता प्रमाणपत्र असलेला माणूस ताब्यात असावा लागतो. या भागातल्या को-जनचे बॉयलर या मर्यादेच्या कितीतरी वर आहेत. म्हणून मेकॅनिकल पदवी अधिक बीओई असलेला माणूस मुलाखतीला जातो तेव्हा कारखान्याची एक कायदेशीर अडचण तो सोबत सोडवत असतो. ही परीक्षा राज्याच्या बाष्पके संचालनालयाकडून होते, लेखी आणि तोंडी. अडतं ते अनुभवाच्या दाखल्यावर. 'श्री. अमुक यांनी आमच्याकडे बॉयलर विभागात काम केले' एवढ्यावर अर्ज परत येतो. दाखल्यात बॉयलरचा एमआर नंबर (नोंदणी क्रमांक), हीटिंग सरफेस, कामाचा दाब, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत आणि चालवणं की दुरुस्ती हे स्पष्ट हवं. नोकरी सोडताना हा दाखला त्याच आठवड्यात घ्यावा. चार वर्षांनी मागायला गेलं तर सही करणारा बदललेला असतो आणि नवीन साहेब जुन्या कामावर सही करत नाही.

साखरेची पदविका, म्हणजे मांजरीची एव्हीएसआय किंवा कानपूरची एएनएसआय, ही चीफच्या पदाला जवळपास अटच असते. ती नसेल तर को-जन आणि डिस्टिलरीच्या बाजूनं शिरावं, कारण तिथं औष्णिक वीज, केमिकल किंवा रंग कारखान्यातला अनुभवही धरतात. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची परीक्षा मात्र सगळीकडे चालते. एनर्जी मॅनेजरला तीन पेपर, ऑडिटरला चौथा. फाउंड्री, डेअरी, कोल्ड स्टोरेज, साखर, कुठंही वीज आणि वाफ हाच मोठा खर्च असल्यानं हा कागद वाया जात नाही. ऑटोच्या पुरवठादारांकडे आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक) चं इंटर्नल ऑडिटर प्रशिक्षण लागतं. इलेक्ट्रिकलवाल्यांनी राज्याचा सुपरवायझर परवाना नूतनीकरण करून ठेवावा, मुदत संपलेला परवाना दाखवण्यात अर्थ नाही.

बायोडेटा दोन पानांचा, आणि त्यात आकडे. 'टीम लीड केली' हे वाक्य इथं काही सांगत नाही. गाळप क्षमता किती टन, बॉयलर किती टन वाफेचा आणि किती दाबाचा, टर्बाइन किती मेगावॉट, मेकॅनिकल बंद किती तासांवरून किती तासांवर आणलं, भट्टी किती टनांची, रिजेक्शन किती होतं आणि किती झालं, हाताखाली कायम किती आणि ठेकेदाराची किती माणसं, एवढं हवं. मराठीतून बोलताना हेच आकडे तोंडात असावेत, कारण सहकारी कारखान्यात मुलाखतीला संचालक बसतात. त्यांच्यातले काही जण शेतकरी असतात आणि त्यांना मशीन कळत नाही असं समजणं ही मोठी चूक होते. ऊस रानात तोडून पडला आणि मिल बंद आहे, हे त्यांनी स्वतःच्या उसावर सोसलेलं असतं.

मुलाखत दोन टप्प्यांत होते. आधी सभागृहात, मग मिल हाऊसमध्ये. दुसरीच खरी. मुख्य मिस्त्री किंवा जुना फोरमन बरोबर येतो, तो काही बोलत नाही, आपण कुठं बघतो ते बघतो. मिलच्या प्लॅटफॉर्मवर उभं करून विचारतात, "साहेब, तीन नंबरच्या मिलचं बेअरिंग आठवड्यात तिसऱ्यांदा तापतंय. काय कराल?" बेअरिंग बदलू, असं उत्तर देणारा तिथंच मागे पडतो. आधी विचारायचं, कुठल्या बाजूचं, गिअरकडचं की दुसरीकडचं? तिन्ही वेळा एकाच बाजूचं असेल तर दोष बेअरिंगमध्ये असण्याची शक्यता कमी. थंड पाण्याची लाईन गाळानं चोक झालेली असते, किंवा टॉप रोलर दोन्ही बाजूंनी सारखा उचलत नसतो. एका बाजूचा हायड्रॉलिक दाब उतरलेला असेल, ॲक्युम्युलेटरमधला नायट्रोजन कमी असेल, किंवा उसाचा थर कॅरिअरवरून एका कडेला येत असेल, तर भार एका बाजूवर पडतो. त्या बाजूला हात लावून, लिफ्टचं मोजमाप दोन्हीकडे घेऊन, परतीचं पाणी किती गरम येतं ते बघून मगच बोलावं.

त्याच फेरीत स्टॉपेज रजिस्टर मागून घ्यावं. मागितल्यावर ते लगेच मिळालं तर कारखाना कसा चालतो याचा अर्धा अंदाज येतो. रजिस्टरला साधे रकाने असतात: तारीख, बंद झाल्याची वेळ, सुरू झाल्याची वेळ, मिनिटं, विभाग, कारण. गेल्या हंगामातला जानेवारी उघडावा, कारण तेव्हा ऊस भरपूर असतो आणि बंदचं खरं कारण उघडं पडतं. जानेवारीत 'नो केन' खाली बरेच तास टाकलेले दिसले तर प्रश्न विचारावा. कधी तोडणी टोळ्या कमी असतात, ते खरं असतं. कधी मात्र मिल दोन तास दुरुस्तीत होती आणि रजिस्टरवर ती ऊस नाही म्हणून लिहिली गेली, जेणेकरून इंजिनिअरिंग विभागाचा आकडा सुधारावा. असं रजिस्टर आपल्या गळ्यात पडणार असेल तर ते रुजू होण्याआधी कळलेलं बरं.

बंद तासाची किंमत तोंडपाठ असावी. ५००० टन गाळपाचा कारखाना म्हणजे तासाला साधारण २०८ टन. ११ टक्के साखर उतारा धरला तर एका तासात २३ टन, म्हणजे २३० क्विंटल साखर. तो ऊस कुठं जात नाही, नंतर गाळला जातो, हे बरोबर. पण यार्डात गाड्या उभ्या राहतात, तोडलेला ऊस वाळतो, उतारा घसरतो, आणि बॉयलरला बगॅस (उसाचा चोथा) कमी पडला की को-जनची वीज विक्रीही खाली येते. बगॅस उसाच्या २८ ते ३० टक्के पडतो आणि त्यात ५० टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो. मिलची सेटिंग बिघडून ओलावा ५२ वर गेला की बॉयलर वाफ देईना, असं ऑपरेटर सांगतो आणि नवखा मॅनेजर बॉयलरवर धावतो. दुखणं मिलमध्ये असतं. कारखाना नवा असो की जुना, मिल आणि बॉयलर यांना एकत्र वाचता येणं हीच या पदाची खरी पात्रता, असं माझं मत आहे.

डिस्टिलरीकडे जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं उसाच्या रसापासून आणि सिरपपासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, ऐन हंगामात. आठवड्याभरात ते काही प्रमाणात शिथिल झाले आणि पुढच्या हंगामासाठी उठले. पण त्या वर्षी ज्या प्लांटचं सगळं गणित रसावर होतं त्यांच्या विस्ताराच्या कामांना आणि त्यासोबत नव्या जागांना खीळ बसली. म्हणून डिस्टिलरी मॅनेजरच्या मुलाखतीत आपणही विचारावं: रस, बी-हेवी किंवा सी-हेवी मळी, धान्य, यांपैकी कशावर चालू शकते? हंगामाबाहेर किती दिवस चालते? स्पेंट वॉशचं (डिस्टिलरीतून उरणारं सांडपाणी) काय करता? ते जाळणारा इन्सिनरेशन बॉयलर असेल तर त्याच्या ट्यूबांवर राख किती दिवसांत चढते आणि सफाईसाठी किती दिवस थांबता? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर मॅनेजरचा अर्धा वेळ तिथं जाणार हे नक्की.

फाउंड्रीची मुलाखत छोटी असते. मालक स्वतः घेतो, बहुतेकदा चहाच्या एका कपात, आणि प्रश्न एकच: रिजेक्शन किती खाली आणाल? आकडा लगेच देऊ नये. आधी रिजेक्शनची महिनावार फोड मागावी. जून ते सप्टेंबर ब्लो होल (वायूमुळे पडणारी भोकं) वाढतात का ते बघावं. वाढत असतील तर कोअर (साच्यात पोकळीसाठी बसवायचा वाळूचा गाभा) कुठं साठवतात ते जाऊन बघावं. पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये दोन दिवस ठेवलेला कोअर हवेतला ओलावा ओढतो, ओतताना त्याचा वायू होतो आणि कास्टिंगमध्ये भोक पडतं. त्यावर उपाय स्वस्त आहे: बंद खोली, आधी आलेला आधी वापरणे, गरज पडली तर हलकं तापवून घेणे. ग्रीन सँडचा (साच्याच्या ओलसर वाळूचा) ओलावा ३ ते ४ टक्क्यांत राहतो का, ओतण्याचं तापमान शेवटच्या मोल्डला किती उतरतं, हे विचारलं की मालकाला माणूस कळतो. हिशेब मांडून दाखवावा. महिन्याला ३०० टन धातू ओतला जातो आणि रिजेक्शन ८ वरून ५ टक्क्यांवर आलं, तर ९ टन पुन्हा वितळवायचे वाचले. टनाला ६०० युनिट धरले तर ५४०० युनिट, आणि युनिट ९ रुपये धरलं तर ४८,६०० रुपये फक्त विजेचे. वाळू, बाइंडर, मजुरी आणि मशीनिंगला जाऊन परत आलेल्या मालाचा खर्च याच्यावर. आणि एचटी (उच्चदाब) ग्राहकांचं बिल आता पॉवर फॅक्टर धरणाऱ्या केव्हीएएच युनिटवर असल्यानं त्याकडे दुर्लक्ष केलं की सरळ बिलात दिसतं.

उपसा सिंचनाच्या, म्हणजे टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या पंपगृहांवरच्या जागा चांगल्या अनुभवाच्या, पण ठेक्याच्या मुदतीएवढ्याच. ठेका कुणाकडे आणि किती वर्षं उरला आहे, एवढं विचारलं तरी पुरे. कोल्ड स्टोरेजवाल्यांना अमोनिया हाताळलेला माणूस हवा असतो आणि तो या भागात सहज मिळत नाही, त्यामुळे रेफ्रिजरेशनमधल्यांनी तासगाव-कुपवाड सोडू नये. सॉफ्टवेअरमधले मॅनेजर कऱ्हाड-सांगलीत घरून काम करतात, पण ती नोकरी पुण्या-बंगळुरूची असते, इथल्या बाजारातली नाही.

ऑफर आली की आनंदात लगेच सही करू नये. घर बसल्या तीन तपासण्या होतात. ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधता येते. तिथं दर महिन्याला पीएफ कधी भरला, किती भरला आणि किती माणसांचा भरला हे दिसतं. मागचे बारा महिने बघावेत. भरणा तीन-तीन महिने एकदम झालेला दिसला तर पगारही तसाच होतो असं समजायला हरकत नाही. माणसांचा आकडा एकदम खाली आलेला असेल तर का, ते विचारावं. दुसरं, जीएसटी पोर्टलवर रिटर्न वेळेवर भरलेत का ते दिसतं. तिसरं साखरेपुरतं: उसाची एफआरपी (रास्त व किफायतशीर दर) १४ दिवसांत द्यायची असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे. ज्याची एफआरपी थकली आहे, ज्यावर साखर आयुक्तालयाची आरआरसी (महसुली वसुलीची) कारवाई झाली आहे, तिथं पगार रांगेत मागे असतो. सहकारी कारखाना असेल तर सभासदाकडून वार्षिक अहवाल मिळवावा आणि ताळेबंदातली कामगार देणी वाचावीत. भागातल्याच एका कारखान्यात आम्ही काही जणांनी पाच-पाच महिने पगाराविना हंगाम काढलेला आहे. अहवालात ते आकडे आधीच्या वर्षीच छापलेले होते, वाचले कुणी नव्हते.

पगार पुण्यापेक्षा कमी बोलला जातो. भाव करताना नुसत्या आकड्यावर अडू नये, बांधणीवर अडावं. कॉलनीतलं क्वार्टर, वीज-पाणी, गाडी किंवा डिझेल, मुलांच्या शाळेची बस, याची किंमत काढून मग तुलना करावी. 'एकत्रित वेतन' हा शब्द आदेशात आला की सावध व्हावं: मूळ वेतन वेगळं दाखवलेलं नसेल तर ग्रॅच्युइटी कशावर काढणार? मूळ वेतन ६०,००० आणि सेवा ६ वर्षं असेल तर पंधरा-सव्वीसच्या सूत्रानं (मूळ वेतन × १५/२६ × वर्षं) २,०७,६९२ रुपये होतात. ही रक्कम एका शब्दापायी वादात जाऊ देऊ नये. जुना यूएएन (पीएफचा कायम क्रमांक) चालू असेल तर 'पगार १५,००० च्या वर आहे म्हणून पीएफ लागू नाही' हे ऐकून घेऊ नये, आधीपासूनच्या सभासदाला ते लागू होत नाही. नेमणूक कायम, प्रोबेशनवर, हंगामी की अकरा महिन्यांच्या करारावर, हे आदेशाच्या पहिल्या परिच्छेदात असावं. आणि खरेदीचा अधिकार किती रुपयांपर्यंत, तेही लिहून घ्यावं. रात्री दोनला पंपाचं सील गेलं आणि सहीसाठी सकाळी अकरापर्यंत थांबायचं असेल तर मॅनेजर हे पद कागदावरच राहतं.

नदीकाठच्या प्लांटला जाणाऱ्यांनी पुराचं विचारावं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोक्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. तेव्हा पाणी कुठपर्यंत चढलं होतं ते भिंतीवर दाखवायला सांगावं. जॅकवेलच्या (नदीचं पाणी उपसायच्या विहिरीच्या) मोटारी, केबल ट्रेंच आणि सबस्टेशन त्या रेषेच्या वर घेतलेत का बघावं. पूर नेमका ओव्हरऑइलिंगच्या काळात येतो. रस्ते बंद झाले की दुरुस्तीला बाहेर गेलेले रोलर आणि मोटारी अडकतात आणि दसऱ्याची तारीख मात्र पुढे सरकत नाही.

रुजू झाल्यावर पहिला आठवडा चार्ज घेण्यात घालवावा, आणि तो कागदावर घ्यावा. बॉयलरचं प्रमाणपत्र आणि त्याची मुदत, सेफ्टी व्हॉल्व्हच्या चाचणीची तारीख, प्रेशर व्हेसल आणि क्रेनच्या तपासणीचे अहवाल, वजनकाट्याचं स्टॅम्पिंग, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र आणि त्यात लिहिलेली गाळप क्षमता. प्रत्यक्ष गाळप त्याहून जास्त असेल तर तसं टिपण त्याच दिवशी वर पाठवावं, कारण फॅक्टरी मॅनेजर म्हणून नाव लागलं की नोटीस त्या नावानं येते. मग स्टोअर. लेजरमध्ये दिसणारं प्रत्येक मोठं स्पेअर डोळ्यांनी बघून त्यापुढे टिक करावी. लेजर म्हणतं टॉप रोलर दोन, गोडाऊनमध्ये एकच. दुसरा शेल बसवायला बाहेर गेलेला आहे, असं स्टोअरकीपर सांगतो. कुठल्या तारखेला, कुठल्या गेटपासवर, कुणाकडे आणि परत कधी येणार, हे चार रकाने भरून त्याची आणि आधीच्या चीफची सही घेतल्याशिवाय त्या ओळीपुढे टिक करू नये.